प्रशिक्षक नेमायचा कोणी आणि कोणासाठी?

बीड जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून पहिल्याच फेरीत बाद होऊन परत येतो, तेव्हा संस्थाचालकांच्या दालनात जी चर्चा झडते ती ठरलेली असते. प्रशिक्षक कुचकामी आहे, त्याला बदला. पुण्याहून एखादा नावाजलेला माणूस आणा. नाहीतर अमक्या संचालकाच्या मेहुण्याने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे, त्यालाच बसवा. अर्ध्या तासात निर्णय होतो, चहा होतो, आणि प्रश्न मिटला असे समजून मंडळी पुढच्या विषयाकडे वळतात. ज्या दहा-बारा मुलांवर या निर्णयाचा परिणाम व्हायचा असतो, ती त्या वेळी गावाकडची शेवटची एस.टी. पकडण्यासाठी थांब्यावर उभी असतात. त्यांना कोणी काही विचारलेले नसते.

वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. ज्या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही, जिथून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन परमुलखात जातात, तिथे चेंडू टोपलीत किती वेळा पडला याची चिकित्सा कशाला, असे चळवळीतील काही ज्येष्ठ सहकारीही विचारतील. खेळ ही भरल्या पोटाची चैन आहे ही समजूत डाव्या कार्यकर्त्यांत खोल रुजलेली आहे, आणि ती समजूतच संस्थाचालकांच्या पथ्यावर पडते. कारण महाविद्यालयातील प्रशिक्षकाची नेमणूक ही विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि शासनाच्या अनुदानातून होणारी सार्वजनिक नेमणूक आहे. ती बंद दाराआड, नात्यागोत्याने आणि तोंडी आश्वासनावर होऊ दिली, तर ग्रंथपालाची, शिक्षकाची आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाची नेमणूकही तशीच होते. लहान जागी मान्य केलेली मनमानी मोठ्या जागी नाकारता येत नाही.

पाय इथले, मैदान दुसरीकडचे

बीड जिल्ह्यात खेळाडू निपजत नाहीत, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा सामान्य शेतकरी कुटुंबातील मुलगा. बारावीनंतर तो लष्करात गेला, महार रेजिमेंटचा जवान म्हणून सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि २०१५ नंतर लष्करातल्या क्रॉस कंट्री शर्यतींतून धावपटू म्हणून पुढे आला. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा सदतीस वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले, २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले, आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने अंतिम फेरी गाठली. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. २०२५ च्या जानेवारीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातली.

ही नावे जिल्ह्यातील प्रत्येक पुढाऱ्याच्या अभिनंदनाच्या फलकावर झळकली. पण या तिघांना घडविले कोणी? साबळेला हेरले ते लष्करातील प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी. आवारे घडला पुण्यातल्या तालमींत, आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली. इंगळे हिचा खेळ वाढला तो पिंपरी-चिंचवड आणि पुणे परिसरात. पाय बीडचे, मैदान दुसरीकडचे, असा हा हिशेब आहे. साखरेच्या बाबतीत जे घडते तेच खेळाच्या बाबतीत घडते. श्रम इथून जातात, मोल दुसरीकडे तयार होते, आणि जिल्ह्याच्या वाट्याला सत्कार समारंभ येतो.

याला एक बोलका अपवाद आहे. २०२४ साली एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढणारा सचिन धस हा बीडचाच, आणि त्याच्या खेळाचा पाया बीडमधल्याच एका स्थानिक प्रशिक्षकाने घातला. लहानपणापासून तोच माणूस, तेच मैदान, वर्षानुवर्षे. जिल्ह्यात प्रशिक्षक टिकला की काय होऊ शकते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच उरतो की महाविद्यालयांत तो का टिकत नाही.

नावाचा मोह

संघ हरला की सुचणारा पहिला उपाय म्हणजे मोठे नाव. हा उपाय अमेरिकेतून आला आहे. तिथल्या अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सार्वजनिक कर्मचारी राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा कुलगुरूही नसतो. तो असतो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक. त्याच वेळी जे विद्यार्थी प्रत्यक्ष घाम गाळतात, त्यांना २०२१ पर्यंत आपल्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेण्याचीही बंदी होती. खेळाडूचे श्रम फुकट, प्रशिक्षकाचे नाव कोट्यवधींचे, आणि नफा दूरचित्रवाणीचा. महाविद्यालयीन खेळाची बाजारपेठ झाली म्हणजे काय होते, ते तिथे पाहून घ्यावे.

याच खेळाच्या जन्मकथेत या मोहावरचा उताराही आहे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना बंद सभागृहात खेळता यावे म्हणून दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि बास्केटबॉल निर्माण केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले व तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या काळात त्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या नामांकित संघाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक नोंदविणारे ते एकमेव प्रशिक्षक ठरले. पण त्यांच्याच हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे त्याच विद्यापीठाचा थोर प्रशिक्षक झाला. आजच्या संस्थाचालकांनी नायस्मिथ यांना दुसऱ्याच वर्षी घरी पाठविले असते. शिक्षकाचे फळ पुढच्या पिढीत दिसते, आणि निकालपत्रकावर पोसलेल्या नजरेला ते दिसत नाही.

ठेकेदारीचा मोह

दुसरा उपाय म्हणजे खेळ खाजगी अकादमीच्या हवाली करणे. महाविद्यालयाने मैदान द्यायचे, अकादमीने प्रशिक्षक द्यायचा, आणि संध्याकाळी तिथे मासिक शुल्क भरणाऱ्या शहरी मुलांचे वर्ग चालवायचे. महाविद्यालयाचा संघ हा त्या व्यवहारातला देखावा असतो. ज्याच्या बापाने मुकादमाकडून उचल घेऊन अंगावर कर्ज चढविले आहे, त्या मुलाने बुटाचे पैसे कुठून आणायचे आणि शुल्क कुठून भरायचे? मैदान विद्यार्थ्यांच्या पैशातून उभे राहते आणि त्याच विद्यार्थ्यासाठी त्याचे फाटक बंद होते. याला खेळाचा विकास म्हणणाऱ्यांनी विकास हा शब्द तरी मोकळा सोडावा.

गरिबांच्या वस्तीत हा खेळ वाढत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईतील नागपाडा ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती. तिथे मुस्तफा खान ऊर्फ बच्चूखान यांनी गल्लीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकविला. त्याच मैदानावरून अब्बास मुंतसिर हा भारताचा कर्णधार आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्काराचा मानकरी निघाला. महापालिकेच्या त्या मैदानाला आज बच्चूखान यांचे नाव आहे. तिथे प्रायोजक आधी आला आणि खेळाडू नंतर, असे झाले नाही. सर्वांना खुले असलेले एक सार्वजनिक मैदान आणि रोज तिथे उभा राहणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर ती परंपरा उभी राहिली.

'आपला माणूस'

तिसरा उपाय सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक. तो म्हणजे 'आपला माणूस'. हा आपलेपणा गावाचा असता तरी एक वेळ समजता आले असते, पण तो असतो आडनावाचा. बीड जिल्ह्यात जातीचे विष किती खोल गेले आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. २०२५ साली जिल्ह्याच्या पोलीस दलाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनावे काढून केवळ नावे ठेवावी लागली. पोलीस ठाण्यात आडनावाची भीती वाटते, आणि शिक्षणसंस्थेत मात्र आडनाव पाहून नेमणूक होते, ही या जिल्ह्याची शोकांतिका आहे.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील लोकांनी वर्गणी गोळा करून शाळा काढल्या, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण देणे हीच एक लढाई होती. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद स्वामी रामानंद तीर्थांनी सांभाळले होते, हे जिल्ह्याने विसरू नये. त्या पिढीने संस्था उभ्या केल्या त्या समाजासाठी. त्यांच्यानंतर आलेल्या शिक्षणसम्राटांनी अनेक ठिकाणी त्याच नमुन्याच्या संस्थांना वतने करून टाकले. वतनदार जसा पाटलाचा चाकर ठरवीत असे, तसा आज प्रशिक्षक ठरतो.

'स्थानिकालाच घ्या' ही मागणीही म्हणून डोळे झाकून करता येणार नाही. स्थानिक असणे हा गुण आहे. भाषा कळते, गाव कळते, घरची अडचण कळते. पण स्थानिक असणे ही पात्रता नव्हे. चेंडू हाताळायला न शिकविता केवळ हजेरी घेणारा स्थानिक माणूस मुलांचे तितकेच नुकसान करतो, जितके महिन्यातून दोनदा उगवणारा पाहुणा प्रशिक्षक करतो.

हंगामी मजूर दोन्हीकडे

आता खऱ्या दुखण्याकडे यावे लागेल. सर्वसाधारण अनुदानित महाविद्यालयात खेळनिहाय प्रशिक्षकाचे पदच मंजूर नसते. असतो तो शारीरिक शिक्षण संचालक, एकच माणूस. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ आणि बास्केटबॉल हे सारे त्याच्या गळ्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएच.डी. आणि शारीरिक क्षमतेची चाचणी आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर आणि महिला उमेदवाराने आठ मिनिटांत १००० मीटर धावून दाखवायचे असते. उमेदवार धावला, पुढे काय? धावण्याची अट शासनाने घातली, पण पद भरण्याच्या बाबतीत शासन स्वतः जागचे हलत नाही. २०१७ च्या मे महिन्यात राज्य शासनाने प्राध्यापक भरतीवर निर्बंध घातले. २०१८ च्या नोव्हेंबरात रिक्त पदांपैकी केवळ चाळीस टक्के भरण्याची मुभा दिली. एवढ्यात एका पिढीची विद्यार्थिदशा संपली.

जागा रिकामी राहिली की तासिका तत्त्व येते. वर्गात व्याख्यान देणाऱ्याचा तास निदान घड्याळावर मोजता येतो. प्रशिक्षकाचा तास कोणता? पहाटे साडेपाचला मैदान झाडून घेणे, मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधणे, सामन्यासाठी मुलांना एस.टी.ने नेऊन रात्री घरी पोहोचविणे, हे कोणत्या तासिकेत बसते? म्हणून तासिकेवरचा क्रीडाशिक्षक बहुधा हजेरीपुरता येतो, आणि सत्र संपले की सुटतो. पुढच्या वर्षी कोणी दुसरा. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेला तरुण या अटींवर बीडला का येईल, आणि आलाच तर का थांबेल?

इथे एक विलक्षण साम्य दिसते. मैदानावर उभा असलेला प्रशिक्षक हंगामी आहे, आणि त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडूही हंगामी आहे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि कारखान्यांचा गळीत हंगाम हे दिवाळीच्या आगेमागे एकमेकांवर येऊन आदळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि ती जोडी गेली की घर, म्हातारी माणसे, जनावरे आणि लहान भावंडे कोणाच्या तरी अंगावर पडतात. ते कोणीतरी म्हणजे बहुधा महाविद्यालयात शिकणारा मोठा मुलगा किंवा मुलगी. ज्या मुलाने ऑगस्टमध्ये चेंडू पुढे नेण्याची लय साधली, तो नोव्हेंबरात मैदानावर दिसत नाही. पाच खेळाडूंच्या खेळात दोन गेले की संघ संपतो. मग कागदावर लिहिले जाते की मुलांत जिद्द नाही.

मुकादमाने उचल देऊन बांधलेला मजूर आणि संस्थेने तोंडी शब्दावर बांधलेला प्रशिक्षक, दोघांनाही लेखी करार नाही, दोघांचाही हिशेब शेवटी होतो, आणि दोघांनाही तक्रार करायची तर पुढच्या हंगामाचे काम गमवावे लागते. या व्यवस्थेला धक्का न लावता केवळ माणूस बदलणे म्हणजे गाडीचा बैल बदलून खड्डा बुजेल अशी आशा करणे होय.

मुलींच्या संघाचे काय?

प्रशिक्षक निवडताना सर्वांत शेवटी आठवण होते ती मुलींच्या संघाची. काही वेळा होतही नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. ज्या मुली जन्मू दिल्या गेल्या, त्यांच्यापैकी किती खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचल्या? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची भीती हे त्यामागचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. याच जिल्ह्यात २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. आईच्या शरीरावर तिची सत्ता नाही, आणि मुलीचे शरीर विसाव्या वर्षाआधीच दुसऱ्याच्या हवाली. अशा जिल्ह्यात एखादी मुलगी अर्धी विजार घालून सहा क्रमांकाचा चेंडू घेऊन मैदानावर धावते, तेव्हा ती केवळ खेळत नसते. आपले शरीर आपले आहे, हे ती गावासमोर सांगत असते.

म्हणून तिचा प्रशिक्षक कोण, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. २०२३ साली दिल्लीच्या रस्त्यावर ऑलिंपिक पदके मिळविलेल्या कुस्तीगीरांना आपल्याच महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन बसावे लागले. ज्यांची नावे सारा देश जाणतो त्यांची ही गत, तर वडवणी किंवा शिरूर कासारच्या एखाद्या मुलीचा आवाज कोण ऐकणार? २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती बंधनकारक केली आहे. परंतु समितीचे फलक भिंतीवर आणि प्रशिक्षक संचालकांच्या घरातला, अशी स्थिती असेल तर ती मुलगी तक्रार करणार नाही, खेळ सोडून देईल. आणि खेळ सोडला की घरचे म्हणतील, आता लग्न उरकून टाकू. एका चुकीच्या नेमणुकीचे मोल एवढे असते.

'गुणवत्ते'चा आक्षेप

यावर प्रतिष्ठित मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे. प्रशिक्षकाची निवड लोकशाहीने होत नसते, ती जाणकारांनी गुणवत्तेवर करायची असते, असे ते म्हणतात. हा आक्षेप प्रामाणिकपणे केला गेला तर त्याला उत्तर दिले पाहिजे. खेळाडूंनी मतपेटीत मते टाकून प्रशिक्षक निवडावा, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. कठोर सराव घेणारा शिक्षक पहिल्या महिन्यात कोणालाच आवडत नाही, आणि मुलांना आवडणारा प्रत्येक शिक्षक चांगला असतोच असे नाही. खेळाडूंना मत नको, पण त्यांची साक्ष हवी. कोण रोज येतो, कोण शिव्या देतो, कोण गरीब मुलाला राखीव बाकावरून उठू देत नाही, हे मैदानावरच्या मुलाखेरीज कोणत्याही जाणकाराला ठाऊक नसते.

अविनाश साबळेच्या वाटचालीत हेच दिसते. निकोलाय स्नेसारेव्ह हे बेलारूसचे प्रशिक्षक नामांकित होते. तरी त्यांच्या सरावाची पद्धत झेपेना, तेव्हा साबळे पुन्हा अमरीशकुमार यांच्याकडे आला. पुढे अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने सराव केला. खेळाडूचे ऐकले म्हणून गुणवत्ता ढासळली नाही, विक्रमच सुधारत गेले. जे एका विक्रमवीराच्या बाबतीत मान्य होते, ते धारूरच्या महाविद्यालयातील बारा मुलांच्या बाबतीत अमान्य का?

आणि गुणवत्तेचा हा जप करणारे कोण आहेत, तेही पाहावे. राज्यात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या जागा लाटण्यासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार भरला, न खेळलेल्या खेळांची पदके कागदावर उगवली, आणि त्यात क्रीडा खात्यातील अधिकाऱ्यांना अटक होण्यापर्यंत प्रकरणे गेली. खऱ्या खेळाडूच्या तोंडचा घास तिथे काढला गेला, तेव्हा गुणवत्तेचे हे पहारेकरी कुठे होते? गुणवत्ता उघड्या मैदानावर तपासली जाते. बंद पाकिटात तपासली जाते ती फक्त शिफारस.

निवड कशी व्हावी

मागणी मोघम ठेवून चालणार नाही. नेमणुकीची जाहिरात आणि निकष महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागले पाहिजेत. निवड समितीत प्राचार्य, विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाचा प्रतिनिधी, त्या खेळाचा बाहेरचा जाणकार, एक महिला सदस्य आणि मुलांच्या व मुलींच्या संघांचा एकेक खेळाडू असावा. संस्थाचालकांच्या नातलगाला उमेदवारीस बंदी असावी. प्रत्येक उमेदवाराने दोन दिवस त्याच संघाचा सराव सर्वांसमक्ष घ्यावा. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद मैदानावर माणूस दोन दिवस उभा राहिला की प्रमाणपत्रांमागचे सत्य आपोआप दिसते. कोणत्या मुलाकडे तो पाहतो, कोणाला नावाने हाक मारतो, चुकलेल्याला कसे सांगतो, आणि दिवाळीनंतर संघ कसा टिकविणार या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर आहे की नाही, हे तिथेच कळते.

निवड झालेल्याला किमान तीन वर्षांचा लेखी करार आणि बारा महिन्यांचे वेतन मिळाले पाहिजे. त्याचे मूल्यमापन पहिल्या वर्षी विजयांवर होता कामा नये. किती मुले मैदानावर आली, त्यांतली किती गळीत हंगामातही टिकली, किती मुली खेळू लागल्या, हे त्याचे पहिले गुणपत्रक. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्काचा जमाखर्च त्याच सूचनाफलकावर लागला पाहिजे. पैसा नाही या सबबीची शहानिशा मग विद्यार्थी स्वतःच करतील.

शासनाकडची मागणीही स्पष्ट हवी. शारीरिक शिक्षण संचालकांची सर्व रिक्त पदे भरावीत, आणि तालुकापातळीवर महाविद्यालयांनी मिळून वापरावयाचे खेळनिहाय प्रशिक्षक पूर्ण वेतनावर नेमावेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तिचा लाभ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही हंगामभर मिळाला पाहिजे, कारण राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय हाच या जिल्ह्यातील संघाचा पहिला सराव आहे. औरंगाबादसाठी जाहीर झालेले क्रीडा विद्यापीठ २०२० साली पुण्याला गेले, तेव्हा मराठवाड्याच्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी चार दिवस आवाज केला आणि ते गप्प बसले. विद्यापीठ गेले, निदान प्रत्येक तालुक्याला पगारी प्रशिक्षक तरी द्या, हे म्हणण्याची ताकद त्यांच्यात उरली आहे काय?

कार्यकर्त्यांपुढचे काम

महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचा आवाज उरलेला नाही, हे या साऱ्याच्या मुळाशी आहे. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राज्यातील महाविद्यालयीन निवडणुकाच बंद करण्यात आल्या. गुंडांना आवरण्याऐवजी विद्यार्थ्यांनाच गप्प करण्याचा तो मार्ग होता. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेची निवडणूक पुन्हा आणली, पण २०१९ साली ती ठरूनही पुढे ढकलण्यात आली. प्रतिनिधी नाही म्हणून प्रश्न विचारणारा नाही, आणि प्रश्न विचारणारा नाही म्हणून मेहुण्याची नेमणूक बिनबोभाट होते.

ही कोंडी फोडण्याची सुरुवात मैदानावरून होऊ शकते. मोर्चाला न येणारा मुलगा मैदानावर रोज येतो. जातीच्या सभेत वेगळे बसणारे तरुण एका संघात एकमेकांकडे चेंडू टाकतात, कारण न टाकल्यास हरतात, हे त्यांना तिथे पहिल्याच आठवड्यात कळते. विद्यार्थी आघाडीच्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत महाविद्यालयवार तीन गोष्टींची नोंद करावी: शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले आहे काय, क्रीडा शुल्क किती जमा होते व कशावर खर्च होते, आणि मुलींचा संघ आहे काय. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी पुरेसा आहे. उत्तरे हाती आली की खेळाडूंना बरोबर घेऊन प्राचार्यांच्या दारात जावे. त्या शिष्टमंडळाच्या पुढे कार्यकर्त्याने नव्हे, संघाच्या कर्णधाराने चालावे.

संस्थाचालक विचारतील, तुमचा उमेदवार कोण? तेव्हा कोणाचेही नाव घेऊ नये. नाव सुचविले की तोही एक 'आपला माणूस' होतो, आणि लढा तिथेच विकला जातो. उत्तर एवढेच असावे: मैदान खुले करा, उमेदवार बोलवा, दोन दिवस सराव घेऊ द्या, आणि मुलांसमोर निर्णय करा. ज्यांना हे मान्य नाही त्यांना संघ हरल्याचे दुःख नव्हतेच; त्यांना एक जागा भरायची होती.